सात देश? तीनच करा

१५ दिवसांत रेल्वेने युरोपातले सात देश, तेही आई-बाबांना घेऊन? तुमचा हा बेत वाचूनच मला धाप लागली. आम्ही दोघं (मी ६७, ही ६३) रत्नागिरीहून गेलो ते तीनच देशांत, एका गावात निदान तीन-चार रात्री. स्वित्झर्लंडमधलं झुरिक, तिथून कूर-तिरानोमार्गे इटलीतलं मिलान, मग वेरोना आणि ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक.

त्यातला कूर ते तिरानो हा चारेक तासांचा टप्पा चुकवू नका. काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या बेर्निना एक्स्प्रेसला आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. मध्ये गाडी बदलावी लागते, मात्र आरक्षण लागत नाही आणि काही डब्यांत खिडकी चक्क उघडता येते! कोकण रेल्वेत करबुड्याचा बोगदा आला की आजही मान बाहेर काढू पाहणारी आमची ही २२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पिझियो बेर्निना स्टेशनात गप्पच झाली.

युरेल पासात (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) साठीपुढच्यांना १० टक्के सवलत आहे. तरी मोजकेच प्रवास असतील तर आधी सुट्या तिकिटांची बेरीज करा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे.

आणि सामान! हमाल विसरा. स्वतःला डब्यात चढवता येईल एवढीच बॅग. आम्ही लाडू-चिवड्याने एक बॅग भरली होती, ती मिलानपर्यंत मीच ओढली.

बाबांचे गुडघे कसे आहेत, ते लिहिलं नाहीत तुम्ही.