फाइव्ह-स्टार नसले तरी चालतं

काही जण म्हणतात की मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे फाइव्ह-स्टार पोरांची (शाळेत असतानाच सगळ्यात वरचं रेटिंग मिळालेल्यांची) फौज नसेल तर टायटल विसरा, आणि डेट्रॉइटच्या टायगर्स या बेसबॉल टीमने महागडे पिचर (बॉल टाकणारे) घेतले नाहीत तर त्यांचंही काही खरं नाही. नाही पटलं. एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) शब्द दिलेला फाइव्ह-स्टार क्वार्टरबॅक अंडरवुड शेवटी आपल्याकडे, मिशिगनला आला ते झकासच, पण जानेवारी २०२४ ची आपण जिंकलेली कॉलेज फुटबॉलची फायनल आठवा ना, वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅक पेनिक्सचा पास मधेच पकडून ८१ यार्ड सुसाट पळाला तो आपला सेनरिस्टिल, थ्री-स्टार, आलेला रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून, २०२२ मध्ये त्याला कॉर्नरबॅक (पास अडवणारा) केलं!

आणि टायगर्सचा पिचर स्कूबल? २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) थेट नवव्या राउंडला, कॉलेजातच कोपराचं ऑपरेशन झालेलं, तरी २०२४ ला १८ विजय, २२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टीम ५५ विजय, ६३ पराभवांवर अडकलेली, तिथून प्लेऑफ गाठलीच की.