मदत हवी आहे: लंडन-डब्लिन रेल्वे-बोट तिकिटावर मधे मुक्काम करता येतो का?

बडोद्याहून आम्ही दोघं जूनमध्ये लंडनला जातोय. तिथून डब्लिनला 'सेलरेल'नं जायचंय: यूस्टनहून गाडीनं हॉलीहेड, पुढे सव्वातीन तासांची बोट, सगळं एकाच तिकिटावर. वाटेत चेस्टरला एक रात्र राहायचा विचार आहे. आपल्याकडे ५०० किलोमीटरच्या पुढे ब्रेक जर्नी मिळते, पण तिथलं गणित वेगळं असणार. रावपुऱ्यातल्या एका एजंटाला विचारलं, तर तो "काका, विमानानंच जा" म्हणतो! अटी दोनदा वाचल्या, उमगलं नाही. व्हिसा दोन्ही देशांत चालणारा आहे. बोट दिवसाचीच हवी, रात्रीची हिला सोसत नाही. तिकिटावरची तारीख गाडीची धरतात की बोटीची? म्हणजे आदल्या दिवशी यूस्टनहून निघून चेस्टरला उतरलो, तर दुसऱ्या सकाळी तेच तिकीट पुढे चालेल का?