ग्रुपवरील चर्चा : रात्रपाळीच्या टॉर्चचा उजेड किती असावा?

ब-२०३ कर्वे (पहाटे २.५१)
सर्व सभासदांस नमस्कार. दहा मिनिटांपूर्वी आपल्या नव्या टॉर्चचा झोत माझ्या खिडकीतून थेट आत आला आणि नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या ह्यांची झोप उडाली. वॉचमनमामांचा यात दोष नाही हे मी आधीच लिहून ठेवते, कारण मागच्या पावसाळ्यात याच ग्रुपवर त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले ते मी विसरलेले नाही. मात्र ज्यांनी हे टॉर्च निवडले त्यांनी त्यांचा उजेड कमी कसा करायचा याचाही विचार केला होता का, एवढेच मला विचारायचे आहे.

अ-३०१ जाधव (सकाळी ६.३८)
मला वाटले उजाडले, म्हणून मी दुधाची पिशवी घेऊन दोन मजले उतरलोसुद्धा होतो.

अ-५०१ पेंडसे (सकाळी ७.१२)
कर्वेकाकू, काकांना त्रास झाला याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. काय घडले असावे ते सांगतो. हा टॉर्च बंद करताना उजेडाची जी पातळी असेल ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच पातळीवर लागतो. मामांनी संध्याकाळी फाटकाबाहेर काहीतरी हलताना पाहून उजेड टोकापर्यंत चढवला असेल आणि तसाच बंद केला असेल, म्हणून रात्री बटण दाबताच सुमारे १,००० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचे माप आहे) एकदम बाहेर पडले. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेनचा असतो. तो खोलीभर पसरलेला उजेड एका झोतात कोंबून कोणी खिडकीवर मारला तर काय होईल, याची कल्पना यावी. ही लक्षात ठेवण्याची सोय बदलून टॉर्च नेहमी एकाच ठरावीक पातळीवर लागेल असे करता येते. ती पातळी कोणती असावी, हे मात्र सर्वांनी मिळून ठरवावे.

ब-४०४ शिर्के (सकाळी ७.२०)
मूळ मुद्दा असा आहे की, चार टॉर्चसाठी खर्च झालेल्या ९,६०० रुपयांकरिता तीन दरपत्रके मागवली होती का?

ब-१०१ सावंत (सकाळी ७.४४)
तिसऱ्या-पाचव्या मजल्यावर राहून उजेड कमी करा म्हणणे सोपे असते. आमच्या खिडकीखालून नाला जातो. जुलैमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात घोणस निघाली होती, तेव्हा खाली उतरून कोण कोण आले होते आणि गॅलरीतून चित्रीकरण कोण करत होते, तेही मला आठवते. उजेड कमी करण्यास माझी हरकत आहे.

अ-१०२ बापट सर, ग्रुप व्यवस्थापक (सकाळी ८.०५)
सभासदांनी मागील वादानंतर एकमताने ठरवलेला नियम पाळून पूर्ण वाक्यांत लिहिले, याबद्दल आभार. एक सूचना आहे. टॉर्चला मराठीत ‘विजेरी’ असा सुटसुटीत शब्द आहे. सूचनाफलकावर ‘रात्रपाळी संपल्यावर बॅटरी काढून कार्यालयात ठेवावी’ असे लिहिल्यामुळे मामांनी तीन दिवस आतला सेल तेवढा काढून ठेवला आणि विजेरी खिशात घालून ते घरी गेले. आपल्याकडे अख्ख्या वस्तूलाही बॅटरी म्हणतात आणि सेललाही, त्यामुळे असे होणारच.

अ-३०१ जाधव (सकाळी ८.११)
सर, विजेरी म्हटले की मला शाळेच्या पोटदुखीच्या गोळीचे नाव वाटते. तरीही आपला शब्द शिरसावंद्य आहे.

अ-५०१ पेंडसे (सकाळी ८.४०)
सावंतताई, सर्वांत वरची पातळी कोणीही काढून टाकत नाही. ती चुकून लागू नये, एवढेच म्हणणे आहे. आणि सापासाठी १,००० ल्युमेन उपयोगाचे नाहीत, असा माझा अनुभव आहे. दोन-तीन मीटरवरच्या ओल्या फरशीवर एवढा प्रकाश टाकला की फरशीच चमकते, तिच्यावरचे काही दिसत नाही, आणि पाऊस असेल तर थेंबांचाच पांढरा पडदा तयार होतो. मण्यार रात्रीच बाहेर पडते आणि तिच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे बारीक असतात. ती दिसायला पायापुढे पसरट, स्थिर असा शंभर-सव्वाशे ल्युमेनचा उजेड पुरतो. पूर्ण शक्ती लागते ती कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे हे पाहायला, आणि तीही काही सेकंदच. एवढ्याशा धातूच्या नळीला ती उष्णता पेलवत नाही, म्हणून मिनिट-दोन मिनिटांत टॉर्च आपोआप उजेड उतरवतो.

ब-१०१ सावंत (सकाळी ८.५२)
म्हणजे हजाराचे म्हणून घेतलेले टॉर्च दोन मिनिटेच हजाराचे असतात, हे आम्हाला आज कळले.

ब-४०४ शिर्के (सकाळी ८.५३)
वरील संदेश पुन्हा पाठवत आहे. मूळ मुद्दा असा आहे की, चार टॉर्चसाठी खर्च झालेल्या ९,६०० रुपयांकरिता तीन दरपत्रके मागवली होती का?

सचिव मोहिते (सकाळी ९.३०)
शिर्केसाहेब, पावत्या कार्यालयात आहेत आणि आपण त्या शनिवारी पाहिल्याही आहेत. पेंडसे, आपण पातळ्या सुचवाव्यात. मी त्या मामांना दाखवतो.

अ-५०१ पेंडसे (दुपारी १२.१७)
या टॉर्चमधली संगणकीय प्रणाली ‘अँड्युरिल’ नावाची असून ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे ती कोणालाही पाहता व बदलता येते. बटण दाबून धरले की उजेड सलग चढत जातो, किंवा आपण सांगू तितक्या पायऱ्यांनी चढतो. मी पाच पायऱ्या सुचवतो : १, ५, २५, १२५ आणि ६०० ल्युमेन. आकड्यांतले अंतर विचित्र वाटेल, पण उजेड दुप्पट वाटायला प्रत्यक्षात तो साधारण चौपट करावा लागतो, असा ठोकताळा आहे. १००, २००, ३००, ४०० अशा पायऱ्या केल्या तर वरच्या तिन्ही सारख्याच वाटतील आणि अंधारात खरोखर लागणारा खालचा उजेड हाती राहणारच नाही. पूर्ण शक्ती या पाचांत नसेल. टॉर्च लागलेला असताना बटण दोनदा दाबले की ती लागेल.

अ-१०२ बापट सर, ग्रुप व्यवस्थापक (दुपारी १२.४६)
पेंडसे यांनी मांडलेली गोष्ट आकाशनिरीक्षकांना जुनी आहे. ताऱ्यांच्या प्रती, म्हणजे तेजाच्या श्रेणी, ठरवताना नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये हेच सुचवले की, पाच प्रतींच्या फरकाला तेजस्विता शंभरपट मानावी. म्हणजे एका प्रतीला सुमारे अडीचपट. पुढे हेच गृहस्थ मद्रासच्या वेधशाळेत आले आणि अनेक वर्षे तेथेच राहिले. डोळा गुणाकार मोजतो आणि आपण बेरीज करत बसतो. मी नववीला हा भाग फळ्यावर विजेरी लावूनच शिकवत असे.

अ-३०१ जाधव (दुपारी १२.५०)
सर, त्या तासाला मी वर्गाबाहेर उभा होतो, त्यामुळे माझे एवढे प्रकरण राहून गेले.

ब-२०३ कर्वे (दुपारी १.३५)
गणित पटले, पण १ ल्युमेन म्हणजे चेष्टा वाटते. मेणबत्तीसुद्धा याहून उजळ असेल. जिन्यात वीज गेल्यावर आमच्या वयाच्या माणसाने अशा उजेडात पाय कोठे ठेवायचा?

अ-५०१ पेंडसे (दुपारी २.०३)
काकू, मेणबत्ती साधारण १२ ल्युमेनची असते, तेव्हा आपले म्हणणे बरोबर आहे. १ ल्युमेन जिन्यासाठी नाही. तो रात्री किल्ली शोधायला, मीटर वाचायला किंवा झोपलेल्या माणसाला न उठवता औषधाची पट्टी पाहायला आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एक तीव्र झोत ते सारे क्षणात घालवतो. वय वाढले की डोळ्यांना उजेड जास्त लागतो आणि झगमगही जास्त सोसवत नाही, म्हणून जिन्यात झोत पायऱ्यांवर किंवा तोंडावर न मारता १२५ वर ठेवून टॉर्च शेपटीवर उभा करावा. छतावरून परतलेला उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि आपल्याच सावलीत पायरी हरवत नाही.

ब-१०१ सावंत (दुपारी २.२०)
आणि हे सर्व चालेल किती वेळ? रात्र बारा तासांची असते.

अ-५०१ पेंडसे (दुपारी २.३८)
आतला १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठवतो. एका वॅटला १०० ल्युमेन धरले तर १२५ ल्युमेनला आठ-नऊ तास मिळतात आणि २५ वर अनेक रात्री निघतात. ६०० वर मात्र दोन तासांच्या आतच सेल रिकामा होईल. खोक्यावरच्या तासांवर विसंबू नये, कारण प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘चालतो’ म्हणून मोजतात.

ब-४०४ शिर्के (दुपारी २.४१)
उत्तर मिळाले नाही म्हणून तिसऱ्यांदा लिहितो. मूळ मुद्दा असा आहे की, चार टॉर्चसाठी खर्च झालेल्या ९,६०० रुपयांकरिता तीन दरपत्रके मागवली होती का?

सचिव मोहिते (दुपारी २.४२)
दोन मागवली होती. तिसरे आपल्या मेहुण्यांच्या दुकानातून येणार होते, ते अजून आलेले नाही.

अ-१०२ बापट सर, ग्रुप व्यवस्थापक (दुपारी २.४५)
वैयक्तिक उल्लेख कृपया टाळावेत.

सचिव मोहिते (सायंकाळी ६.५५)
मामांशी सविस्तर बोललो आणि हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते, हे मान्य करतो. त्यांना उजेड जास्त आहे हे केव्हाच कळले होते. जिन्यातून जाताना ते काचेवर रुमाल धरतात आणि काल रुमाल भिजल्यामुळे वाळत घातला होता. रात्री सर्वांत जास्त वेळ टॉर्च लागतो तो फाटकावर नोंदवहीत गाडीचा क्रमांक लिहायला. सध्याच्या उजेडात पांढरा कागद डोळ्यांवर येतो आणि मान वर केली की फाटकाबाहेरचे काहीच दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. तीनदा दाबा, चारदा दाबा हे एका हातात काठी व दुसऱ्यात छत्री असताना जमणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

अ-५०१ पेंडसे (सायंकाळी ७.१०)
यावरून सगळा हिशेब सोपा होतो. एकदा दाबल्यावर २५ ल्युमेन. बंद टॉर्चचे बटण दाबून धरल्यावर १ पासून वर चढत जाईल, तो नोंदवहीसाठी ५ वर सोडावा आणि फेरीसाठी १२५ पर्यंत न्यावा. टॉर्च लागलेला असताना दोनदा दाबल्यावर पूर्ण शक्ती. याहून अधिक काही लक्षात ठेवायचे नाही. बाकीच्या खटपटी प्रणालीच्या साध्या पद्धतीत बंद राहतात, म्हणजे गणपतीत मुलांनी शोधून काढलेली ती लुकलुक पुन्हा लागणार नाही. खिशात ठेवताना शेपटीची टोपी पाव फेरा सैल करावी, नाहीतर बटण आपोआप दबून कापड भाजू शकते.

ब-१०१ सावंत (सायंकाळी ७.२२)
दोनदा दाबल्यावर पूर्ण शक्ती राहणार असेल तर माझी हरकत मागे घेते. आमच्या खिडकीखाली मात्र रात्रीच्या फेरीला १२५ च हवा, २५ नको. हे इतिवृत्तात यावे.

अ-३०१ जाधव (सायंकाळी ७.२५)
आमच्या मजल्यावर ५ पुरे. अलीकडे घरी यायला मला उशीर होतो.

ब-२०३ कर्वे (रात्री १.२६)
मोहिते, आत्ता मामांची फेरी झाली. उजेड सौम्य होता आणि हे झोपलेले आहेत, म्हणून धन्यवाद. मात्र त्याच उजेडात गॅलरीतून मला असे दिसले की, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण अर्धे उघडे आहे. ते किती दिवसांपासून तसे आहे, हे सकाळी कोणीतरी कळवावे.