कुंडीतली घोळ लांबट होतेय, पानंच धरत नाही – मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. सासूबाई गावाहून आल्या आहेत. सध्या त्यांची अन्नावर वासनाच नाही, पण घोळीची भाजी केली की चार घास जास्त जातात. मुगाची डाळ आणि लसणीची फोडणी, बाकी काही नको. मंडईत घोळ कधी मिळते, कधी नाही. म्हणून जुडीतल्या जाड काड्या दोन पसरट कुंड्यांत खोचल्या. आठवड्यात मुळं फुटली, नंतर मात्र बिनसलं. काड्या सुतळीसारख्या बारीक, दोन पेरांत बोटभर अंतर, पानं मसुराएवढी आणि एवढ्यातच पिवळी फुलं! एका कुंडीत तर बुडखेच काळे पडून मऊ झाले.

अर्धी लाल माती, अर्धं कोकोपीट, वर गांडूळखत. पाणी रोज घालते. ऊन सकाळी दोनच तास येतं. सासूबाई म्हणतात, "शेतात हिला कोण पाणी घालतं? उपटून बांधावर टाकली तरी जगते." मग माझ्याकडेच काय चुकतंय?

शिवाय त्याच कुंडीत मातीला चिकटून पसरणारं आणखी एक रोप आलंय. काडी लालसर, पानं बारीक. तेही खुडून भाजीत घालू का?

प्रतिसाद १
ताई, ते रोप आधी मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती दुधी (भोपळा नव्हे, तण), काही जण नायटी म्हणतात. ती भाजीत अजिबात नको. घोळीची काडी मांसल, गुळगुळीत असते आणि मोडली तर नुसतं पाणी येतं.

बाकी दोष उन्हाचा आणि पाण्याचा. घोळीला निदान सहा तास ऊन हवं, नाहीतर ती उजेडाकडे ताणत जाते. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, त्यात रोज पाणी, म्हणून बुडखे कुजले. कोकोपीट कमी करून वाळू मिसळा आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला. जुडीतली काडी मुळात जून असते, म्हणून फूलही लवकर धरते. दोन पेरं ठेवून वरचं खुडा, बाजूने फुटवे येतील.

प्रतिसाद २
थोडी फुलं राहू द्या. बोंडाची टोपी सुटली की आत खसखशीहून बारीक काळं बी मिळतं. ते मातीवर नुसतं भुरभुरा, वर माती लोटू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. आंबटपणा हवा असेल तर सकाळी खुडा, कारण रात्री पानांत आम्ल साठतं आणि दिवसभरात उतरतं. सासूबाईंना मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या, घोळीत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.

धागाकर्ती
मोडून बघितलं, चीक आला! लगेच उपटून टाकलं. मुतखडा नाही त्यांना. कुंड्या आता गच्चीवर नेते. तिथे दिवसभर ऊन असतं. पण भर पावसात त्या उघड्यावर ठेवल्या तर चालतील का?