‘डान’ला मराठीत काय म्हणावं?

– संथाळ आदिवासींची एक लोककथा मराठीत आणतोय. ‘डान’साठी शब्द हवाय. चेटकीण, डाकीण की हडळ?

– हडळ नकोच. हडळ, जखीण मेलेल्या असतात. डान जिवंत बाई, शेजारच्याच घरातली. ‘डाकीण’ घ्या. मूळ संस्कृत ‘डाकिनी’, हिंदीत डायन, आमच्या सातपुड्यात डाकण. तिबेटी बौद्धांत हीच डाकिनी पूज्य आहे, हे ऐकून मी चाटच पडलो होतो.

चेटकिणीचं कूळ वेगळं. चेट, चेटक म्हणजे नोकर. ‘मृच्छकटिका’त शकाराचा चेट आहेच. कोकणात चेडा म्हणजे वश करून राबवलेलं भूत.

– आणि मालवणीत चेडू म्हणजे साधी मुलगी! आजी मला ‘गो चेडवा, पाणी हाड’ म्हणायची. चेड्याची भीती वाटायची ती घाटावरच्या पाहुण्यांना.

– पण हे सगळे शब्द बायकांचेच का?

– ‘चेटक्या’ आहे की.

– आहे, पण कोशात. गावात त्याच माणसाला भगत, देवऋषी, पंचाक्षरी म्हणतात आणि नारळ घेऊन त्याच्या दारात बसतात. तीच विद्या बाईकडे आहे असा नुसता संशय आला, तरी ती डाकीण. कायद्यांची नावंही बघा. बिहारच्या १९९९ च्या कायद्याच्या नावातच ‘डायन’ आहे. आपल्या २०१३ च्या कायद्याच्या नावात ‘जादूटोणा’ आहे, बाई नाही.

– माझ्या कथेत नेमकं हेच आहे. बायका ऐकत नाहीत म्हणून पुरुष मारांग बुरू देवाकडे जातात. तो विद्या द्यायचं कबूल करतो. बायकांना कुणकुण लागते. त्या नवऱ्यांना दारू पाजून झोपवतात, पुरुषांचा वेश करतात, बोकडाच्या केसांच्या दाढ्या लावतात आणि सगळी विद्या घेऊन येतात. फसलो हे कळल्यावर देव पुरुषांना दुसरी विद्या देतो : डान कोण ते ओळखायची. तो ओळखणारा म्हणजे जानगुरू.

– म्हणजे आरोप करायचा परवाना! बोकडाची दाढी मात्र झकास. ती गाळू नका.

– जानगुरूला देवऋषी म्हणू?

– देवऋषी फार घाटावरचा वाटतो. भिलांचा ‘बडवा’ जवळचा, डाकण कोण हे तोही सांगतो. फक्त तळटीप द्या, नाहीतर वाचक पंढरपूरला पोचेल.