मदत हवी आहे: एआयने काढलेलं चित्र टी-शर्टवर छापून विकायचं आहे

म्हापशेकर:
शिगमोत्सवात विकायला ३०० टी-शर्ट स्क्रीन प्रिंटने छापायचे आहेत. चित्र एआयकडून घेतलं. प्रॉम्प्ट: 'मारियो मिरांडांच्या शैलीत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, सायकलवर पोदेर' (मिरांडा म्हणजे गोव्याचे व्यंगचित्रकार, पोदेर म्हणजे पाववाला). हे छापलेलं चालेल का? आणि शेजारच्या स्टॉलवाल्याने हेच चित्र उचललं तर त्याला अडवता येईल का?

रेघोटी:
नुसत्या शैलीवर कॉपीराइट नसतो. बारीक रेघा, खच्चून भरलेली गर्दी कुणीही काढावी. पण मारियोंचं ठरावीक पात्र किंवा मांडणी उतरली असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५१, म्हणजे हक्कभंगाचं, लागतं. ते डिसेंबर २०११ मध्ये वारले, ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची, म्हणजे २०७१ संपेपर्यंत हक्क वारसांकडे. 'मशीनने काढलं' हा बचाव नाही, छापणारे तुम्ही.

अख्खं चित्र रिव्हर्स इमेज सर्चमध्ये (चित्रावरून मिळतीजुळती चित्रं शोधणं) टाकून काही हाती लागत नाही. पोदेर, मासळीवाली, कुत्रा असे एकेक कापून टाका. कोपऱ्यात सहीसारखं गिचमिड आलंय का तेही बघा. आलं असेल तर नुसतं पुसू नका, चित्रच नव्याने काढा. टॅगवर 'मारियो' तर अजिबात नको, तो ट्रेडमार्कचा वेगळाच ताप.

कलम_तेरा:
दुसऱ्या प्रश्नाचं जास्त अवघड आहे. संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं त्याच कायद्याचं कलम २(डी)(६) म्हणतं. पण कलम १३ ला कलाकृती मौलिक लागते, आणि सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या मोडक निकालापासून त्यात थोडी तरी सर्जनशीलता दिसावी लागते. एका ओळीच्या प्रॉम्प्टवर कोर्टात उभं राहू नका. मांडणी स्वतः करा, माणसं हाताने पुन्हा काढा, लेयरवाली फाइल तारखांसकट जपा.

खरी मेख कलम १५(२) मध्ये आहे. चित्र टी-शर्टचं 'डिझाइन' ठरलं आणि डिझाइन कायद्याखाली नोंदणी नसली, तर अशा छपाईत नग ५० च्या वर गेले की कॉपीराइट संपतो. तुमचे तर ३००!

म्हापशेकर:
पण एआय कंपनीच्या अटींत 'आउटपुट तुमचं' असं लिहिलंय की.

कलम_तेरा:
तो तुमच्या दोघांतला करार. कंपनीकडे नसलेला हक्क ती कुठून देणार? मारियोंचे वारस त्याने बांधले जात नाहीत, स्टॉलवालाही नाही. दिल्ली हायकोर्टातला वृत्तसंस्था एएनआय विरुद्ध चॅटजीपीटीवाली ओपनएआय हा खटला मुख्यतः मॉडेलच्या प्रशिक्षणाचा, त्याची वाट बघत बसू नका. डिझाइनचा अर्ज ऑनलाइन कोलकात्याच्या कार्यालयात जातो. तो दाखल होईपर्यंत टी-शर्टचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसलाही लावू नका, आधी प्रसिद्ध झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत.