गावठी कुत्रीला क्रेटची सवय लावण्यासाठी मदत हवी आहे (शस्त्रक्रियेला ३ आठवडे उरले आहेत)

नमस्कार मंडळी,

आमची तांबी ४ वर्षांची गावठी कुत्री आहे. तिच्या मागच्या उजव्या पायाच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला असून ३ आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर ६ ते ८ आठवडे तिला पळू, उड्या मारू किंवा जिना चढू द्यायचा नाही, म्हणून क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यासाठीच्या दाराच्या पिंजऱ्यात, शांत राहण्याची सवय आतापासूनच लावा, असे पशुवैद्यांनी सांगितले आहे. तिला उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल, अशा मापाचा जाळीचा क्रेट आम्ही आणला.

पहिले ३ दिवस सगळे सुरळीत चालले होते. ताकात कुस्करलेल्या भाकरीचे भांडे मी आधी क्रेटच्या तोंडाशी ठेवले आणि रोज थोडे थोडे आत सरकवले. चौथ्या दिवशी ती पूर्ण आत जाऊन निवांत खाऊ लागली, आणि तिथेच माझी घाई नडली. मी दार लावून कडी सरकवली. खट असा आवाज होताच तिने खाणे सोडले, जाळीला दात लावले आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत ती तारा ओढत राहिली. मी लगेच दार उघडले. पण तेव्हापासून ती मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून, मान लांबवून जेवढे तोंडाला लागेल तेवढेच खाते.

तिच्या एका कानाच्या टोकाला नसबंदीची खूण म्हणून कापलेली खाच आहे, म्हणजे आमच्याकडे येण्यापूर्वी तिला पकडून पिंजऱ्यात ठेवले गेले असणार. नसबंदी झाली हे तिच्या भल्याचेच झाले, पण ते कोंडणे तिच्या मनातून गेलेले नसावे, असे मला वाटते. आमचे घर सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला यंत्रमागांच्या वस्तीत आहे. दिवसभर चालणाऱ्या मागांच्या खडखडाटात ती गाढ झोपते, आणि कडी नुसती हलली तरी कान पाडून, ओठ चाटत दिवाणाखाली शिरते. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडू नये. तिची ही अवस्था पाहिल्यावर मला त्यांना काही उत्तर देता आले नाही.

सध्या मी क्रेटचे दारच काढून ठेवले आहे. कडी वेगळी हातात घेऊन, दूर बसून, अगदी हळू वाजवायची आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, असे कालपासून सुरू केले आहे. हे बरोबर आहे का? ती कडीच्या आवाजाला दचकेनाशी झाल्यावरच दार परत बसवावे, की आधी दार बसवून ते उघडेच बांधून ठेवावे? ज्या कोपऱ्यात ती घाबरली तिथून क्रेट हलवल्याने फरक पडतो का?

दुसरी अडचण उन्हाची आहे. पारा ४० च्या पुढे गेला आहे आणि दुपारी ती माठाच्या तिवईखाली, पाणी ठिबकून ओल्या झालेल्या शहाबादी फरशीवर पोट टेकून पडते. क्रेटच्या प्लॅस्टिकच्या तळावर तिला तो गारवा मिळत नाही. तळ काढून क्रेट थेट फरशीवर ठेवावा, तर शस्त्रक्रियेनंतर उठताना पाय घसरेल अशी भीती वाटते. क्रेटवर चादर टाकली की कुत्र्याला आडोसा वाटतो, असे अनेकांनी सुचवले. पण आपली सोलापुरी चादर जाड असते आणि तिने वारा अडेल. गारवा राहील, पायही घसरणार नाही आणि आडोसाही मिळेल, अशी मांडणी कोणी केली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

तिला बळजबरीने आत ढकलायचे नाही, एवढे आम्ही घरात ठरवले आहे; जाळीशी झटापट करताना तिने शिवलेला पाय दुखावून घेतला, तर शस्त्रक्रियाच वाया जाईल. ३ आठवड्यांत सवय झाली नाही, तर खोलीचा एक कोपरा कमरेएवढ्या जाळीने अडवून, खाली न सरकणारी चटई घालून तिला तिथे ठेवणे चालेल का, हे मी पशुवैद्यांना विचारणारच आहे. तरीही अशा शस्त्रक्रियेनंतर ज्यांनी आपले कुत्रे घरी सांभाळले आहे, त्यांनी पहिल्या आठवड्यातल्या रात्री कशा काढल्या, ते अवश्य लिहावे.